नमस्ते नावाची स्नोमोबिल

जेम्स बेला जायची ऑर्डर मिळाली तेव्हा मी आर्मरीत एका ट्रकखाली उताणी पडले होते. सार्जंटनं माझ्या बुटाला त्याचा बूट लावला.

"लोपीस, तुला थंडी आवडते का?"

"नाही, सार्जंट," मी खालूनच म्हणाले.

"छान. फेब्रुवारीत दोन आठवडे. तुझं नाव दिलंय."

आर्मीत आवडनिवड अशीच विचारतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी स्टेला लोपीस. मूळची वसईची, शाळकरी वयापासून टोरोंटोजवळच्या एटोबिकोची. कॉलेजात असताना कॅनडाच्या आर्मी रिझर्व्हमध्ये भरती झाले. रिझर्व्ह म्हणजे आठवड्यातली एक संध्याकाळ आर्मरीत, म्हणजे युनिटच्या इमारतीत, महिन्यातला एखादा वीकेंड आणि मधूनमधून असे दोन आठवडे. माझा ट्रेड व्हेइकल टेक्निशियन, म्हणजे मेकॅनिक. मम्मी चर्चमधल्या बायकांना सांगायची की स्टेला आर्मीत ऑफिसात असते. माझ्या नखांतलं ग्रीस बघून कोणाला ते पटत नसे, पण मम्मीपुढे बोलणार कोण!

आमच्याकडची पोरं अफगाणिस्तानला जायला लागली होती ती ही वर्षं. त्यामुळे वाळवंटाचं ट्रेनिंग सगळ्यांना हवं होतं आणि बर्फाचं कोणालाच नको होतं. मम्मीनं माझ्या बॅगेत थर्मलच्या दोन जोड्या आणि सुकेळ्यांचा पुडा भरला. सुकेळी म्हणजे वसईची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. मावशी दरवर्षी आणायची.

"उपाशी राहू नको, बाय," मम्मी म्हणाली.

"मम्मी, आर्मी जेवायला देते."

"देऊ दे. हे पण ठेव."

ओंटारिओच्या उत्तर टोकाला, जेम्स बेच्या काठी, क्री या तिथल्या आदिवासी लोकांचं एक गाव आहे. तिथून पुढे रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेली नदी हाच रस्ता. आम्ही विमानातून उतरलो तेव्हा उणे पस्तीस होतं. पहिल्या श्वासाला नाकातले केस कडक झाले. आमचं काम सोपं होतं: गावापासून चाळीसेक किलोमीटरवर तंबू ठोकून राहायचं आणि बर्फात कसं जगायचं ते शिकायचं. शिकवणार होते तिथलेच रेंजर्स. हे लाल हूडी घालणारे गावकरी आर्मीचाच भाग असतात. आमच्या वाट्याला आलेल्या रेंजरचं नाव एडना. वय साठीच्या आसपास, उंची माझ्या खांद्याइतकी. कमी बोलायची आणि हसायचं असलं की आधी तोंड फिरवायची.

आमचा प्रमुख होता वॉरंट ऑफिसर मॅक्ब्राइड. इंडियन आर्मीतला सुभेदार समजा. त्याला 'सर' म्हणायचं नाही, नुसतं 'वॉरंट' म्हणायचं. लाल मिशा, त्यांवर कायम बर्फ. त्याला दोन गोष्टींचा राग होता: ओले मोजे आणि शिटी वाजवणारी माणसं.

शिटी वाजवायचा मास्टर कॉर्पोरल ल्यूक गान्यों. क्वेबेकचा, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या छोट्या गावातला. स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल, पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा. तो आमचा सगळ्यात चांगला स्नोमोबिल ड्रायव्हर होता. म्हणूनच त्याला सगळ्यात वाईट स्नोमोबिल मिळाली.

वाईट म्हणजे इंजिनला नव्हे. इंजिन दणकट होतं. पट्टा रुंद होता आणि आमच्या सगळ्या मशीनांत जड ओझं ओढायची ताकद फक्त तिच्यात होती. दुखणं एकच. तिचा हँडलबार जागेवर राहत नसे.

पहिल्या दिवशी नदीच्या काठावरचा बर्फाचा ढिगारा चढताना ल्यूक फूटबोर्डवर उभा राहिला आणि त्यानं तोल सावरायला हँडलबार स्वतःकडे ओढला. हँडलबार आला. अख्खा आला. मुठी त्याच्या मांड्यांपर्यंत वाकल्या, ब्रेकचा लिव्हर गुडघ्यापाशी गेला आणि ल्यूक बाजूच्या बर्फात कमरेपर्यंत रुतला. मशीन आपोआप थांबली, मान खाली घालून.

ल्यूक उठला. तिच्यासमोर उभा राहिला, मिटन, म्हणजे जाड हातमोजे, घातलेले दोन्ही हात जोडले आणि वाकून म्हणाला, "नमस्ते, मादाम."

त्याची बहीण योगाचे क्लास घ्यायची, तिथून त्यानं हा शब्द उचलला होता. त्या दिवसापासून मशीनचं नाव 'नमस्ते' पडलं. मी कंपनीतली एकटी भारतीय. सगळ्यांनी माझी परवानगी विचारली आणि मी दिली.

हँडलबार ही काही मोठी भानगड नाही. सायकलसारखंच असतं. एक वाकवलेला पाइप आणि त्याला मधोमध धरून ठेवणारा क्लॅम्प. क्लॅम्पला चार बोल्ट. पाइपचा मधला भाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो, बारीक दाते पाडून, म्हणजे क्लॅम्प त्याला घट्ट धरतो. आमच्या पाइपचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. ओल्या साबणाची वडी चिमट्यात धरावी तसं चाललं होतं.

मी आधी सगळे करतात तेच केलं. बोल्ट आवळले. दुपारी नमस्तेनं पुन्हा नमस्कार केला. मी आणखी आवळले. थंडीत पोलाद ठिसूळ होतं. एका बोल्टचं डोकं खाडकन तुटून माझ्या हातात आलं. जवळचा एकुलता एक जादा बोल्ट त्याच्या जागी गेला. मग कोकच्या कॅनचा पत्रा कापून क्लॅम्पच्या आत सारला. तो संध्याकाळपर्यंत टिकला. मग पॉलिश पेपरची पट्टी. ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

तिसऱ्या दिवशी मी वॉरंटकडे गेले. "वॉरंट, पाइप आणि क्लॅम्पमधून आरपार भोक पाडते आणि बोल्ट टाकते. मग फिरायचा प्रश्नच नाही."

"नो."

"पण वॉरंट..."

"भोक पाडलंस की पाइप तिथेच कमजोर होतो. घसरणारा हँडलबार घेऊन माणूस चालत घरी येतो. तुटणारा हँडलबार त्याचे दात घेऊन जातो. राणीसाहेबांच्या हँडलबारला कोणी भोकं पाडणार नाही. क्लिअर?"

"क्लिअर, वॉरंट."

कॅनडाच्या आर्मीचं सगळं सामान कागदोपत्री इंग्लंडच्या राणीचं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हेच जास्त चिडवणारं होतं.

त्या दिवशी मी हँडलबार पूर्ण सोडवून तंबूत नेला. स्टोव्हशेजारी ठेवून कोमट केला. क्लॅम्पच्या आत बघितलं तर आधीच्या किती जणांनी काय काय उपाय केले होते त्याचा थर बसलेला: तेल, पत्र्याचा चुरा, कसला तरी गोंद. सगळं स्टोव्हच्या पांढऱ्या पेट्रोलनं धुतलं. तारेच्या ब्रशनं घासलं. मग तिकोनी कानस घेतली आणि पाइपवर आडवे-उभे बारीक काप पाडत बसले. ल्यूक शेजारी मोजे वाळवत शिटी वाजवत होता. एडनाला मी सुकेळी दिली होती. थंडीनं ती लाकडासारखी झाली होती. एडना ती गालात धरून शांतपणे विरघळवत होती.

"गोड आहे," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. "हा कुठला प्राणी?"

"केळं आहे."

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

क्लॅम्प परत बसवताना घाई केली नाही. एक बोल्ट थोडा, मग त्याच्या तिरक्या समोरचा थोडा. पुढची फट आणि मागची फट सारखी राहिली पाहिजे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की क्लॅम्प तिरका बसतो आणि पाइपला अर्धाच धरतो. शेवटी पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली, निम्मी पाइपवर, निम्मी क्लॅम्पवर. रेघ सरळ आहे तोवर हँडलबार जागेवर आहे. रेघ तुटली की घसरला.

पुढे सगळे दिवस रेघ सरळ राहिली. ल्यूक रोज सकाळी तिला बघून म्हणायचा, "बों! मादाम आज ताठ उभी आहे."

परतायच्या आदल्या दिवशी सकाळी वॉरंट मॅक्ब्राइड तंबूतून बाहेर आला नाही. हे इतकं विचित्र होतं की आम्ही आधी घड्याळं तपासली. मेडिक आत गेला. त्याचं नाव कॉर्पोरल हो. हे त्याचं आडनाव. व्हँकूवरचा, नर्सिंग शिकत असलेला, शांत मुलगा. तो बाहेर आला तेव्हा त्यानं ल्यूकला बाजूला घेतलं, पण थंडीत आवाज लांब जातो.

"अपेंडिक्स आहे. काल सकाळपासून दुखतंय, बोलला नाही. त्याला ऑपरेशन लागणार."

वॉरंटच्या खालोखाल ल्यूकच. त्यानं शिटी थांबवली आणि रेडिओवर गावातल्या तळाला, म्हणजे 'झीरो'ला, बोलावलं.

"झीरो, धिस इज टू-टू. एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"टू-टू, धिस इज झीरो. नेगेटिव्ह. वाऱ्यामुळे काहीच उडत नाही. गावापर्यंत आणू शकता का? ओव्हर."

ल्यूकनं एडनाकडे बघितलं. ती नदीकडे बघत होती. बर्फ जमिनीला समांतर वाहत होता.

"तळ्यावरून नको," ती म्हणाली. "वरच्या बर्फाखाली पाणी आहे. नदीनं जायचं. दोन ठिकाणी काठ चढावा लागेल. दुसरा उभा आहे."

"झीरो, धिस इज टू-टू. निघतोय. आउट."

वॉरंटला दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळून कोमाटिकवर बांधलं. कोमाटिक म्हणजे मशीनमागे ओढायची लांब लाकडी घसरगाडी. शेजारी हो बसला. माणसं, औषधं, ऑक्सिजन मिळून वजन बरंच झालं. ते ओढणारी मशीन एकच होती. बाकीच्यांना तंबूतच थांबायला सांगून ल्यूक नमस्तेवर बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू माझ्यामागे. हत्यारं घे."

मी क्लॅम्पवरची रेघ बघितली. सरळ होती. एडना तिच्या मशीनवर पुढे निघाली. तिची लाल हूडी हाच आमचा नकाशा होता.

पहिला काठ सहज चढलो. नदीवर बर्फाच्या लाटा गोठलेल्या होत्या आणि प्रत्येक लाटेला मागून वॉरंटची एक शिवी ऐकू यायची. शिव्या येत होत्या तोवर मला बरं वाटत होतं. मी ल्यूकच्या खांद्यावरून डोकावून दर थोड्या वेळानं रेघ बघत होते.

दुसऱ्या काठाशी ल्यूकनं गती घेतली. मशीन चढली, पट्ट्यानं बर्फ उडवला, मागचं वजन खाली ओढायला लागलं. ल्यूक उभा राहिला आणि पूर्ण ताकदीनं हँडलबारला लटकला. रेघ तुटली. बोटभर हँडलबार खाली आला, मग दोन बोटं.

"ल्यूक! स्टॉप!"

त्यानं थ्रॉटल सोडला. आम्ही मागे घसरत नदीवर आलो. कोमाटिक तिरकं झालं, पण उलटलं नाही.

मी पाना लावला. तीन बोल्ट धरत होते, चौथा नुसताच फिरत होता. आटे गेले होते. दुसरा बोल्ट नव्हता, आणि असता तरी त्या वाऱ्यात काही धुवायची-घासायची सोय नव्हती. अशा हँडलबारवर ल्यूक तो चढ चढला असता तर मध्येच मुठी खाली गेल्या असत्या आणि सगळं ओझं मागे, वॉरंटसकट.

स्लीपिंग बॅगेतून आवाज आला. "आपण का थांबलोय?"

"ॲडजस्टमेंट, वॉरंट."

"लोपीस, तू भोक पाडतेयस का?"

"नो, वॉरंट."

"गुड."

एडना परत आली. हँडलबार हातानं वरखाली हलवून बघितला. मी तिला सांगितलं की मला एक आधार पाहिजे, हँडलबारच्या आडव्या दांड्यापासून खाली स्टिअरिंगच्या खांबापर्यंत, टेकू दिल्यासारखा. दोन्ही एकत्रच वळतात, त्यामुळे वळायला अडचण येणार नाही. ल्यूकनं तंबूच्या सामानातून पोलादी मेख काढली. लांबी जमत होती. पण बांधायचं कशानं? दोरी ताणली की सैल पडते. एडनानं हूडीच्या खिशातून पितळी तारेचं भेंडोळं काढलं. सशांचे फासे लावायची तार.

"ससे उद्या पकडू," ती म्हणाली.

जाड मिटन घालून तार वळत नाही. मी ते काढून पातळ हातमोज्यांत काम केलं. एडनानं मेख धरली, मी तार गुंडाळली, ल्यूकनं पक्कडीनं पीळ दिला. बोटांना आधी खूप दुखलं आणि मग दुखायचं थांबलं, हे वाईट लक्षण असतं. एडनानं माझे हात ओढून स्वतःच्या हूडीत, काखेत घेतले. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, जणू फोटो काढायला.

तेवढ्यात वॉरंट म्हणाला, "हो, आता बरं वाटतंय. दुखायचं थांबलं."

ल्यूक हसला. मीही हसले. कॉर्पोरल हो मात्र हसला नाही. तो उतरून आमच्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "एकदम थांबणं चांगलं नाही. फुटलं असेल. वी हॅव टू मूव्ह. नाऊ."

एडनानं तिच्या मशीनपासून आमच्या मशीनला दोर बांधला. हो आणि मी कोमाटिकमागे उभे राहिलो. ल्यूकनं मेखेला एकदा थोपटलं.

"आलोंझी, मादाम." म्हणजे चला, बाईसाहेब.

पट्टा फिरला. बर्फ माझ्या तोंडावर आला. मी खांद्यानं ढकलत होते, डोळे मिटून, आणि आठवेल ती प्रार्थना करत होते. कोणती ते आठवत नाही. बहुतेक जेवणाआधीची असावी. कोमाटिक थांबलं. मग हाताएवढं पुढे गेलं. मग आणखी. मग माझ्या खांद्यासमोरचं वजन नाहीसं झालं आणि मी तोंडावर पडले. वरून ल्यूकची शिटी ऐकू आली.

मेख वाकली होती, करंगळीएवढी. पण हँडलबार होता तिथेच होता.

दुपार कलता कलता आम्ही गावात पोहोचलो. नर्सिंग स्टेशनच्या दारात नर्स उभी होती, बाह्या वर करून. संध्याकाळी वारा तासभर पडला तेवढ्यात विमान आलं आणि वॉरंटला घेऊन गेलं. त्याला आत चढवताना त्यानं माझ्याकडे बोट केलं. तापानं लाल झाला होता, मिशा वितळल्या होत्या.

"लोपीस. तुझे मोजे ओले आहेत."

खरंच ओले होते.

ऑपरेशन झालं, वॉरंट वाचला. अपेंडिक्स फुटलंच होतं. सर्जन म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं होनं आम्हाला सांगितलं. स्प्रिंगमध्ये वॉरंट आर्मरीत परत आला, थोडा बारीक होऊन. त्यानं मला आणि ल्यूकला समोर उभं केलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "अडिक्वेट." म्हणजे ठीकठाक. त्याच्या तोंडून हा शब्द ऐकलेली फार माणसं नाहीत.

नमस्तेला नवा हँडलबार मिळाला, नवे दाते, नवा क्लॅम्प. ती आता कोणाला नमस्कार करत नाही असं ऐकलं.

ल्यूक त्या उन्हाळ्यात कोर्ससाठी टोरोंटोतच राहिला होता. एका रविवारी मी त्याला घरी जेवायला घेऊन गेले. मम्मीनं दारातच त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला मराठीत विचारलं, "हा कोण? नुसताच मित्र ना?"

"नुसताच मित्र, मम्मी. त्याची गर्लफ्रेंड आहे. हायस्कूलमध्ये शिकवते."

"मग ये म्हणावं."

तो लहानपणी चर्चमध्ये फादरांना मदत करणारा आल्तारसेवक होता हे कळल्यावर मम्मीनं तिखटजाळ पोर्क इंदेलाचं पातेलंच त्याच्यापुढे सरकवलं. तो घाम पुसत पुसत खात होता. मम्मीला इंग्लिश जेमतेम, त्याला मराठी शून्य. तरी दोघांचं दोन तास चाललं होतं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही. निघताना मम्मीनं त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. तो सहा फूट उंच. त्याला खाली वाकावं लागलं.

पुढच्या वर्षी तो कंदाहारला गेला. जायलाच हवं असं नव्हतं. रिझर्व्हवाल्यांना सक्ती नसते. त्यानं स्वतः नाव दिलं. त्याच्या दोन ईमेल आल्या. पहिलीत उन्हाबद्दल तक्रार होती. दुसरीत त्यानं लिहिलं होतं की गर्लफ्रेंडला लग्नाचं विचारलंय आणि ती हो म्हणालीये.

रस्त्याकडेच्या बॉम्बवर त्याची गाडी गेली. मला आर्मरीतून फोन आला तेव्हा मी ग्रोसरीच्या लाइनमध्ये होते. फोन वॉरंट मॅक्ब्राइडनं स्वतः केला होता. तो म्हणाला, "स्टेला." त्यानं मला नावानं हाक मारली ती तेवढीच. बाकीचं मला त्यावरून कळलं.

आम्ही त्याच्या गावी गेलो. वॉरंट, हो, मी. एडना तिच्या गावातून विमानानं आली, लाल हूडीत. चर्च लहान होतं, लोक बाहेर रस्त्यावर उभे होते. त्याच्या आईशी मला मोडक्या फ्रेंचमध्ये दोन वाक्यंच बोलता आली. तिनं माझे हात बराच वेळ धरून ठेवले.

मी आर्मी सोडून आता बरीच वर्षं झाली. अकरा नोव्हेंबरला, कॅनडाच्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, स्मारकासमोर उभी राहते, मेडल लावून. पण आमच्या घरी ल्यूकचा दिवस त्याआधीच येतो. दोन नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. टोरोंटोतली आम्ही मराठी कुटुंबं त्या दिवसाची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, करतो आणि फादर प्रत्येक घरानं दिलेली नावं वाचतात. बहुतेक सगळी वसईची नावं: लोपीस, डाबरे, परेरा, घोन्सालवीस.

तो गेला त्या वर्षी मम्मीनं मला न विचारता त्याचं नाव दिलं. आमच्या आजोबांच्या, आजीच्या, डॅडींच्या नावानंतर फादर थबकले आणि म्हणाले, "ल्यूक गान्यों." पुढच्या बाकांवरचे लोक वळून बघायला लागले, कोण बाबा हा? मम्मीनं मान वर केली आणि सगळ्यांकडे सरळ बघितलं.

आता मम्मी थकली आहे. काठी घेऊन येते. नाव मात्र दरवर्षी तीच देते. फादर बदलले, नव्या फादरांना उच्चार मी आधी सांगून ठेवते. नावं वाचली जातात, आमच्या घरची, आणि शेवटी त्याचं.

आता कोणी वळून बघत नाही.